एक यवतमाळ द्या

अहो, परवा तुम्ही गेल्यानंतरच्या जलदानविधीला वैशाली सिस्टर आल्या होत्या आणि मी त्यांना ओळखलंच नाही. दवाखान्यात रोज पाहिलेली बाई, पण पांढऱ्या ड्रेसात. इथं दारात हिरवी साडी, हातात फुलांचा पुडा, कपाळावर घाम. मला वाटलं, तुमच्या ड्रायव्हर मेश्राम भाऊजींकडची कोणी पाहुणी असेल. "आई" म्हणाल्या तेव्हा आवाजावरून कळलं. मग मला काय झालं कुणास ठाऊक, सकाळपासून तुमच्या फोटोसमोर कोरडे राहिलेले डोळे तिथंच उंबऱ्यात वाहायला लागले.

त्यांनी फूल वाहिलं आणि बुद्धवंदना संपेपर्यंत मागं बायकांत बसून राहिल्या. जेवून जा म्हटलं तर म्हणाल्या, "दुपारची ड्युटी आहे आई, मी उशीर केला तर सकाळवाली अडकून पडते." दोन घास तरी खा म्हणून वरणभात वाढला, तो उभ्या उभ्या खाल्ला आणि गेल्या. तुमच्या बहिणीनं विचारलं, "कोण वो वहिनी ही?" मी म्हटलं, "ह्यांच्या गाडीतली पॅसेंजर." त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. वहिनीचं डोकं फिरलं, असं वाटलं असेल बिचारीला.

आता पाहुणे गेले. आनंद आणि सून काल पुण्याला गेले. आनंद म्हणत होता, "आई, चाल ना आमच्यासंग." मी म्हटलं, येईन, पण आधी तुझ्या बाबाशी माझं बोलणं राहिलं आहे. तो रडायला लागला. त्याला काय माहीत, मला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं.

भांडण आपलं जुनंच. दवाखान्यातल्या लोकांचं. दिग्रस-यवतमाळ गाडीवर तुम्ही आयुष्यभर कंडक्टर. आजारी माणूस गाडीत दिसला की थांबा नसतानाही घंटी मारून दवाखान्याच्या गेटवर गाडी उभी करायचे. परतीला तेच लोक तुमच्याच गाडीत बसायचे, आणि दवाखान्यातला सगळा राग तुमच्यापाशी ओकायचे. तो राग तुम्ही पिशवीत भरून घरी आणायचे. "सरकारी दवाखान्यात माणसाले माणूस समजत नाई वो. पोत्यावानी पडून राह्य म्हणते." मी अंगणवाडीची बाई. गावातल्या कितीतरी पोरींना बाळंतपणाला मीच तिथं घेऊन गेली. मी म्हणायची, "अहो, ओरडणारी सिस्टर तेवढी लोकाईले दिसते. ती दिवसभर उभी असते, पाणी प्यायले तिले फुरसत नसते, हे कोणी गाडीत सांगते का?" तुम्ही म्हणायचे, "तू त्याईच्याच पार्टीची." संपलं. दर वेळी इथंच संपायचं.

आणि दुसरं भांडण तुमच्या मुकेपणाचं. गाडीत दिवसभर तुमचं तोंड बंद नसायचं. पुढं सरका, सुटे काढा, दारव्हा कोण आहे, उतरा लवकर. घरी आले की तोंडाला कुलूप. मी चिडायची. "सगळे शब्द तिथंच वाटून येता का? एखादा माझ्यासाठी ठेवत जा!" तर म्हणायचे, "घसा बसते वो. अन् बोलायले तू आहेस ना घरी." मग मी दोघांच्या वाटचं बोलायची. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. रिटायर झाल्यावर तरी बोलतील म्हटलं, तर तुम्ही ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या पाहत बसायचे. अमुक गाडी आज लेट आहे, एवढंच काय ते माझ्या वाट्याला.

त्या सकाळी तुमच्या हातातून कप सुटला. मी आतून ओरडली, "फोडला का? नवा होता तो!" उत्तर नाही. तुमचं उत्तर नसणं मला नवं नव्हतं, म्हणून मी आणखी दोन शब्द सुनावले. मग बाहेर येऊन पाहिलं तर तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात लोंबत होता, आणि तुम्ही मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. नुसता आवाज येत होता, शब्द नव्हता. बाप्पा! आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला मला काही सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

अँब्युलन्सनं यवतमाळला नेलं. तुम्ही ज्या गेटवर गाडी थांबवायचे त्याच गेटातून. आनंद फोनवर म्हणत होता, नागपूरला न्या, मोठ्या ठिकाणी न्या. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता हलवण्यात धोका आहे, इथं जे करायचं ते सगळं करू. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

मग तुमचा तमाशा सुरू झाला. हव, तमाशाच म्हणते. नाकातली नळी तुम्ही डाव्या हातानं ओढून काढली. वैशाली सिस्टर तोंड पुसायला आल्या तर त्यांचा हात झटकला. राठोड ब्रदर कूस बदलायला आला तर त्याच्या मनगटाला असे चावले की वळ उठला. मला लाजेनं मरावंसं झालं. मी म्हटलं, "माफ करा बाप्पा, घरी असे नाहीत हो हे." राठोड मनगट चोळत हसला. "याडी, हे बरं आहे. जे चावते ते जगते." त्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात, तो मला पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायचा.

तो वॉर्ड तुम्ही पाहिला, पण शुद्धीत कुठं होते? खाटा भरलेल्या, खाली गाद्या टाकलेल्या, आणि पाळीला दोन सिस्टर. एक औषधांची ट्रॉली घेऊन निघाली की दुसरीला चारी बाजूंनी हाका. तेवढ्यात ठरलेल्या वेळी तुमच्या खाटेशी कोणीतरी येणारच. कूस बदलणार, पाठ पाहणार, टाचेखाली उशी सरकवणार, ओल्या कापसानं जीभ पुसणार. मी एकदा म्हटलं, झोपले आहेत, राहू द्या. वैशाली सिस्टर माझ्यावर खेकसल्या. "आई, एकदा पाठीले जखम झाली ना, मंग तुम्हीच रडसान. बाजूले व्हा." मी बाजूला झाली. तुमच्या पाठीला शेवटपर्यंत साधा लाल चट्टासुद्धा नव्हता. तुमच्या त्या तक्रारखोर पॅसेंजरांनी पाहायला पाहिजे होतं.

आणि तुमच्याशी बोलायच्या त्या. तुम्ही मुके, तरी काम सांगून करायच्या. "बाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं. गार लागंल, पुसते हं." मला नवल वाटायचं. मी म्हटलं, "त्याईले काही समजून राह्यलं का?" म्हणाल्या, "समजत नसंल तरी सांगावं. न सांगता अंगाले हात लावला तर माणूस घाबरते."

मग तो राऊंड. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, मागं शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. सगळे तुमच्या खाटेच्या पायथ्याशी दाटीवाटीनं उभे, मागचे टाचा उंचावून पाहत होते. आणि तुम्ही, इतके दिवस एक अक्षर न बोललेले तुम्ही, खणखणीत आवाजात ओरडले, "पुढं सरका! पुढं जागा आहे, पुढं सरका!"

अहो, ती पोरं खरंच पुढं सरकली! डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल तोंडावर धरली आणि हसल्या. मी तर रडत होती की हसत होती मलाच कळेना. समोरच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "कंडक्टर दिसते." हव म्हटलं, दिग्रस डेपोचे.

फिजिओच्या मॅडमनी मला समजावून सांगितलं. लाखदा म्हटलेले शब्द मेंदूत वेगळ्या जागी बसलेले असतात. ते कधी कधी शाबूत राहतात. नवं काही बोलायचं, कोणाचं नाव घ्यायचं, हे मात्र दुसऱ्या जागेचं काम, ती जागा दुखावली आहे. "हे खरं बोलणं नाही," त्या म्हणाल्या, "पण घसा चालू आहे, जीभ चालू आहे. सोडू नका."

वैशाली सिस्टरनी सोडलं नाही. त्याच दुपारी घट्ट पेजेची वाटी घेऊन आल्या. तुम्ही ओठ आवळून बसलेले. पातळ काही द्यायचं नव्हतं, ठसका लागायची भीती, तशी पाटीच खाटेला लावलेली, आणि घट्ट तुम्ही खात नव्हते. आणखी दोन दिवस असंच चाललं तर पुन्हा नळी, असं ठरलेलं. सिस्टर खाटेच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या, जशा बाया गाडीत उभ्या राहतात तशा, आणि म्हणाल्या, "कंडक्टर साहेब, एक यवतमाळ द्या."

तुम्ही त्यांच्याकडं पाहिलं. डावा हात उचलला आणि बोटांनी तिकीट पंच केल्यासारखं केलं. जुना पंच, मशीन यायच्या आधीचा. त्यांच्या हातात ते नसलेलं तिकीट ठेवलं आणि म्हणाले, "चला!"

"कोणतं गाव आलं साहेब?"

"तुपटाकळी."

"तुपटाकळी आली, एक घास."

आणि तुम्ही तोंड उघडलं. दारव्ह्याला गाडी जास्त वेळ थांबते, म्हणून दारव्ह्याला त्यांनी थांबून तोंड पुसलं. लाडखेडच्या वळणावर उशी बदलली. यवतमाळ येईपर्यंत वाटी रिकामी. सिस्टर म्हणाल्या, "पोहोचलो. उतरते हं." आणि दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. त्यांच्यासाठी ते तेवढंच होतं. मी नंतर विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? म्हणाल्या, "काही विशेष नाई आई. असं केलं की पटापट खातात अन् माझंही काम लवकर होते."

मग काय, अख्खा वॉर्ड तुमच्या गाडीत. सकाळची सिस्टर चढायची, सफाईच्या मावशी चढायच्या, एकदा तर डॉक्टरीणबाईंनी तिकीट मागितलं. "एक लाडखेड." तुम्ही त्यांनाही दिलं. राठोड मुद्दाम खोड काढायचा, "एक वणी द्या साहेब." वणी तुमच्या वाटेवर नाहीच. तुम्ही डोळे वटारून म्हणायचे, "खाली उतर!" तो पोट धरून हसायचा. हसता हसता तुमची आखडलेली बोटं हळूहळू सरळ करायचा, तुमच्या ध्यानातही यायचं नाही. दर दोन-चार दिवसांनी त्यानं तुमची दाढी केली. कोणी सांगितलं नव्हतं. "कंडक्टर ड्युटीवर दाढी वाढवून येत नाई याडी," म्हणायचा.

आता खरं सांगू? मला राग यायचा.

तुम्ही त्यांच्याशी बोलत होते. माझ्याशी नाही. मी रोज तुमच्यासमोर बसायची, तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायची, "मी कोण? सांगा ना, मी कोण?" तुम्ही पाहायचे. नुसतं पाहायचे, भिंतीकडं पाहावं तसं. ओळख नाही, राग नाही, काही नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे मला ओळखतात का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "खात्रीनं सांगता येत नाही." वैशाली सिस्टर मात्र ठासून म्हणायच्या, "ओळखतात आई. फक्त शब्द सापडत नाई त्याईले." मी तडकून म्हटलं, "तुमच्यासाठी बरे सापडतात! सगळ्या जगाले तिकीट देऊन राह्यले, अन् मले ओळख नाही?" सिस्टरनी माझा हात धरला. "मंग तुम्ही पण चढा ना आई गाडीत."

नाही चढली मी. अहो, सगळी नोकरी मी लेकरांना 'बस बस' खेळवण्यात काढली. एकामागं एक पोरं, पुढच्याचा सदरा धरलेला, तोंडानं पों पों. त्या रांगेत मला तुम्हाला बसवायचं नव्हतं. सिस्टरनी खेळावं, त्यांचं ते काम. मला खेळ नको होता. मला माझा नवरा पाहिजे होता, ज्याला मी कोण हे माहीत आहे.

मेश्राम भाऊजी आले तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. तुमच्या गाडीचे ड्रायव्हर, तुमचा जीवाचा माणूस. मी औषध आणायला खाली गेली होती. त्यांनी प्रेमानं स्टँडवरच्या कँटीनचा चहा थर्मासमध्ये आणला आणि तुम्हाला पाजला. तुम्ही घटाघट प्यायले असाल, चहासाठी तुमचा जीव चालला होता ना. मी जिन्यात असतानाच आरडाओरड ऐकली. वर आली तर तुमचं तोंड निळं पडलेलं. वैशाली सिस्टरनी तुम्हाला पुढं वाकवून धरलं होतं, राठोड घशातलं ओढून काढायचं मशीन घेऊन पळत आला, नळी घशात, घरघर आवाज. मी दारातच बसली. किती वेळ गेला माहीत नाही. मग तुम्ही खोकलले, आणि सिस्टर म्हणाल्या, "आला, आला श्वास."

त्यानंतर त्यांनी मेश्राम भाऊजींना जे फैलावर घेतलं! वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "पाटी काय शोभेले लावली का? प्रेमानं मारता का माणसाले?" एवढा धिप्पाड माणूस, पोरासारखा रडला. मग सिस्टर औषधाच्या खोलीत गेल्या. मी मागून गेली. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. थोड्या वेळानं तोंड धुऊन बाहेर आल्या, मेश्राम भाऊजींना पाण्याचा ग्लास दिला, आणि तुमच्या खाटेला धरून म्हणाल्या, "काय साहेब, गाडी घाटात बंद पाडली का?"

तुम्ही ज्यांना नावं ठेवायचे ना, ते हे लोक. हे भांडण मी जिंकली आहे, ऐकून ठेवा. जिंकल्याचा काही आनंद नाही. तुम्ही समोर असते, मान वळवून "तू त्याईच्याच पार्टीची" म्हणाले असते, तर बरं वाटलं असतं.

मग तुमच्या छातीत कफ साठला, ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली, ऑक्सिजन लावला, आनंदला बोलावून घ्या म्हणाल्या. तो आला. सकाळी वॉर्डात झाडलोट चालू होती, आनंदनं तुमचा हात धरला होता, मी पायाशी होती, आणि तुम्ही गेले. त्रास नाही झाला. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, तपासलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग सिस्टर आणि राठोडनं पडदा ओढला. मी म्हटलं, मलाही आत राहू द्या. राहू दिलं. त्यांनी नळ्या काढल्या, कोमट पाण्यानं अंग पुसलं, केस विंचरले. राठोडनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग काढलं, म्हणाला, "साहेब वरचं बटण उघडं ठेवत." हे त्यानं कधी पाहून ठेवलं होतं? आणि तुम्हाला वळवायच्या वेळी वैशाली सिस्टर नेहमीसारख्या म्हणाल्या, "बाबा, डाव्या कुशीवर घेते हं. गार लागंल." म्हटल्यावर त्यांचा त्यांनाच हुंदका आला. पण हात थांबले नाहीत. पाठ पुसली, चादर सरळ केली, चुण्या काढल्या. कोणासाठी? तपासायला कोणी येणार नव्हतं. मी तिथं उभी राहून मनात म्हणत होती, ह्या बाईचं चांगलं होवो, हिच्या लेकरांचं चांगलं होवो. तोंडानं काही म्हणता आलं नाही. परवा उंबऱ्यातही आलं नाही, वरणभात वाढला फक्त.

आता एक गोष्ट राहिली. आनंदला सांगितली नाही, सिस्टरना सांगायची होती तर त्यांना ड्युटीची घाई. पुढच्या आठवड्यात मी वॉर्डात जाणार आहे, खास तेवढंच सांगायला. पण आधी तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला तरी ते आठवत असेल की नाही, कोण जाणे.

ताप यायच्या आधीचा रविवार. वैशाली सिस्टरना सुटी. राठोड दुसऱ्या वॉर्डात. ड्युटीवरच्या सिस्टर नव्या पेशंटपाशी अडकलेल्या, मला म्हणाल्या, "आई, आज तुम्ही भरवता का? बसवून, हळूहळू, चमच्यानं." मी वाटी घेतली. तुम्ही दाराकडं पाहत होते. "आ करा." नाही. "सिस्टर उद्या येतील, आज माझ्या हातानं खा." नाही. चमचा ओठाला लावला तर मान फिरवली. मी विनवणी केली, रागावली, तुमच्या आईची आण घातली. पेज गार व्हायला लागली. तुम्हाला माझ्या हातचं खायचं नव्हतं, कारण मी कोण हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मला वाटलं.

मग मी वाटी खाली ठेवली. आजूबाजूला पाहिलं, समोरचा म्हातारा झोपला होता. पदर खोचला, खाटेच्या पायथ्याशी जाऊन दांड्याला धरून उभी राहिली. लाज वाटत होती. कसंबसं म्हटलं, "कंडक्टर साहेब, एक यवतमाळ द्या."

तुम्ही दारावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. नीट पाहिलं, वरून खालपर्यंत. डावा हात उचलला. आता पंच करणार म्हणून मी हात पुढं केला. तुम्ही पंच केला नाही. हात हलवला, नाही म्हणून. मी हात मागं घेतला. म्हटलं, घ्या, सफाईच्या मावशीला तिकीट आहे, डॉक्टरीणबाईंना आहे, आणि मला तेवढंही नाही.

तुमचे ओठ हलले. जुळवाजुळव चालली होती, कपाळावर शीर उठली. आणि तुम्ही म्हणाले, "पास."

हा शब्द त्या वॉर्डात कोणी उच्चारला नव्हता. सिस्टरच्या खेळात तो नव्हता. ज्यांनी ज्यांनी तिकीट मागितलं, त्यांना सगळ्यांना तुम्ही दिलं, राठोडला खाली उतरवलं, पण पास कोणाला म्हटलं नाही. एस.टी.त नोकरी करणाऱ्याच्या बायकोला तिकीट नसतं, घरच्यांचा पास असतो. तिच्यापुढं पैशासाठी हात पसरायचा नाही, घरचं माणूस आहे म्हणून पुढं जायचं, हे कंडक्टरला सांगावं लागत नाही.

"हव," मी म्हटलं, "पास आहे." आणि वाटी घेऊन तुमच्या शेजारी बसली.